बुडाशी दुहेरी कापड

वहिनीला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, असं तिचा धाकटा दीर गेली नऊ वर्षं चारचौघांत सांगत आला होता. दीर मुलींच्या क्लबचा कोच, वहिनी त्या क्लबची शिंपीण. त्यामुळे संघातल्या मुलीही तिला वहिनीच म्हणत. पण कोण खेळतं आणि कोण नुसतं बसतं, हे वहिनीला सामना न बघता कळे. दुरुस्तीला आलेली हाफपँट उलटी केली की झालं. खेळणारीची शिवण उसवते, बसणारीचं कापड बुडाशी विरतं. म्हणून राखीव मुलींच्या हाफपँटला ती आतून बुडाशी दुहेरी कापड लावून द्यायची. कुणाला विचारायची नाही, सांगायचीही नाही.

त्या कापडाची मुख्य गिऱ्हाईक म्हणजे काडी. सोळा वर्षांची, संघातलं शेंडेफळ. दोन हंगाम तिने बाकावर काढले होते आणि टाळ्या वाजवून वाजवून तळहात लाल केले होते.

हंगाम संपला की नव्या संघाची जुळवाजुळव वहिनीच्या कापायच्या टेबलावर होई. दीर बटणांच्या डब्यातून बारा बटणं काढून मांडायचा आणि वहिनीला कात्री घेऊन ताटकळत उभं राहावं लागायचं. यंदा अकरा बटणं झटपट बसली. बाराव्यापाशी गाडी अडली. दिराच्या एका हातात कोटाचं भलंमोठं बटण होतं, दुसऱ्या हातात शर्टाचं चिमुकलं.

"हे मोठं म्हणजे खांब," तो खुशीत म्हणाला. "पलीकडच्या क्लबची. सहा फूट, वहिनी! आणि ते लोक तिला हसत हसत सोडतायत. लॉटरी आहे लॉटरी!"

"हसत हसत?" वहिनीने तोंडातल्या टाचण्यांमधून विचारलं. "कापडवाला हसत हसत स्वस्तात ठाण द्यायला लागला, की मी ते उजेडात धरते. कुठेतरी भोक असतंच, भावजी."

"तुमचं आपलं कापडच!"

"तिच्याशी वाद घालू नकोस रे," पेपरामागून नवरा म्हणाला. "तोंडात टाचण्या आहेत तिच्या."

"आणि काडी?" वहिनीने विचारलं.

दिराने चिमुकलं बटण डब्यात टाकलं. "गुणी आहे, पण उंची कुठाय? यादीत बाराच नावं बसतात, आणि यादी आज संध्याकाळी पाठवायची आहे. काडीला सांगतो मी, दुपारी ट्रॅकसूटच्या मापाला आली की."

काडीची नवी हाफपँट वहिनीने गेल्या वर्षीच्या मापाने, दुहेरी कापडासकट, परवाच शिवून टाकली होती. कापड वाया गेलं तर गेलं. पण बाकावरूनही उठवलेल्या पोरीने टाळ्या वाजवायला कुठे जायचं?

दुपारी आधी खांब आली, दाराच्या चौकटीखाली मान वाकवून. आतल्या खोलीत वहिनी स्टुलावर चढून तिचे खांदे मोजू लागली. मग खाली उतरून पाय. इतर शिंपी एकच मांडी मोजतात, वहिनी दोन्ही मोजते. शिवण शिकवताना सासूने सांगून ठेवलं होतं: पाय जुळे नसतात, नुसते सोबतीने राहतात.

उजवी मांडी बावीस इंच. डावी साडेवीस. वहिनीने टेप झटकली, परत मोजलं. साडेवीसच.

"डाव्या पायाला उपाशी ठेवतेस का गं?"

खांब हसली. मग हसायची थांबली. "गुडघा दुखावलाय, वहिनी. डॉक्टर म्हणतात, यंदा खेळायचंच नाही. आमच्या क्लबवाल्यांनी सांगितलं, कुठे बोलू नकोस."

"दुखतो?"

"जिन्यावर. तुमच्या जिन्यावर तर फारच."

"नऊ वर्षांत माझ्या तोंडून कुणाची कंबर बाहेर गेलेली नाही, तुझी मांडीही जाणार नाही. पण कोच बाहेर बसलाय. ओरडतो, चावत नाही. तूच सांग."

"मग मला परत बोलावतील?"

"गुडघा शाबूत राहिला तर बोलावतील. मोडून घेतलास तर कोण विचारणार?"

खांब बाहेर गेली. दिराचं "काय?" तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं असावं. वहिनी बाहेर आली तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला होता आणि वर खांबलाच समजावत होता, "रडू नकोस, बरी हो आधी, पुढच्या वर्षी बघू." मग वहिनीकडे वळून, "उंची गेली हो वहिनी!"

एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या घेत काडी आत आली.

"बरं झालं आलीस," वहिनी म्हणाली. "ते वरच्या फळीवरचं निळं ठाण काढ बघू."

"थांब, मी स्टूल आणतो," म्हणत दीर उठला. तो उभा राहीपर्यंत काडीने हात वर केला होता, ठाण काढलं होतं आणि "हेच ना?" असं विचारलंही होतं.

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. त्या फळीपर्यंत त्या घरातला एकही हात आजवर पोचला नव्हता.

वहिनीने टेप लावली, वही उघडली. "ट्रॅकसूटची बाही. गेल्या वर्षी तेवीस. आज पंचवीस."

"अगं, तू वाढलीस कधी?" दीर ओरडला.

"बाकावर, सर."

सगळ्यात मोठ्याने हसली ती खांब. डोळे पुसत, भिंत धरून हसली. नवऱ्याला ठसका लागला, आणि दीर हसता हसता डब्यात हात घालून चिमुकलं बटण शोधू लागला. नेमकं तेच सापडेना. शेवटी अख्खा डबा टेबलावर उपडा झाला, बटणं खोलीभर घरंगळली, तेव्हा काडीने आपलं बटण खुर्चीखालून आपल्याच लांब हाताने काढून दिलं.

दिराने ते बाराव्या जागी ठेवलं. "लगेच खेळवीन असं नाही हं," तो दरडावून म्हणाला. मग जरा वेळाने, कुणाचं लक्ष नाहीसं बघून, बोटाने ते मैदानात उतरणाऱ्या पहिल्या पाचांच्या शेजारी सरकवलं.

वहिनीने पाहिलं. शिवून ठेवलेली हाफपँट तिने मांडीवर उलटी घेतली आणि ब्लेडने बुडाचं दुहेरी कापड उसवायला सुरुवात केली.

"हे काय, वहिनी? नवी कोरी उसवताय?"

"उगाच ओझं कशाला, भावजी? पोरीला पळायचंय."

"तो तुकडा टाकू नका," खांब भिंतीपाशी टेकून म्हणाली. "पुढच्या वर्षी मला लागेल."