गारुफलियाचा केसाळ दगड

"आई, ती पिशवी द्या इकडे," उतारावर मी पुन्हा म्हटलं, तशी गारुफलियानं पिशवी छातीशी आणखी घट्ट धरली.

"वर्षभर माझ्या पलंगाखाली होता दगड. मीच नेणार."

अर्धी वाट सरली होती. पाइनच्या झाडांतून खाली समुद्र दिसला आणि आमची दोन्ही कुत्री, म्हातारा पिरातिस आणि अवखळ कानेला, भुंकत पुढे सुटली. गारुफलिया म्हणजे माझी सासू. सत्तरी उलटलेली, काळ्या झग्यात, काठी टेकत, पण कुत्र्यांच्या मागे जवळजवळ पळतच होती.

ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, प्रभू स्वर्गात गेला त्या गुरुवारी, आमच्या गावच्या बायका वर्षातलं पहिलं समुद्रस्नान करतात. शेवाळ चढलेला एक केसाळ दगड घरी आणतात, पलंगाखाली ठेवतात. घराचं बरं होतं. गेल्या वर्षीचा दगड घरच्या बाईनं आपल्या हातानं समुद्राला परत द्यायचा, त्या वर्षासकट.

आणि ते वर्ष म्हणजे! ऑलिव्ह उतरवताना गारुफलिया शिडीवरून पडली, पाय मोडला. शेळी मेली. छप्पर गळलं. "हा दगड गेल्याशिवाय मला झोप लागायची नाही," असं ती हिवाळाभर म्हणत होती. मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लेफ्तेरिसनं, एकच अट घातली होती: घोट्यापर्यंत पाणी, पुढे पाऊल नाही.

इतक्या सकाळी किनाऱ्यावर लेफ्तेरिस, गारुफलिया आणि मी सोडून चिटपाखरू नव्हतं. गारुफलियानं क्रुसाची खूण केली, दगडाचा मुका घेतला आणि फेकला. डुबुक! पाठोपाठ कानेला पाण्यात. डोकं बुडवलं, दगड तोंडात धरला आणि आणून सासूच्या पायाशी ठेवला. शेपूट कसली, अख्खी कुत्रीच हलत होती.

चूक गारुफलियाचीच. पाय प्लास्टरमध्ये असताना अंगणात बसून तिनं दुसरं केलं काय? अंगणातला एखादा दगड फेकायचा, कुत्रीकडून आणवायचा, बिस्किट द्यायचं.

"आई, बिस्किट मागतेय ती!" लेफ्तेरिस हसून लोटपोट.

"दात काय काढतोस गाढवा, धर तिला!"

त्यानं धरलं. दगड उडाला, कानेला निसटली, लेफ्तेरिस पाण्यात बसला. तेवढ्यात पिरातिसनं खाण्याच्या टोपलीतली चीज भरलेली पोळी पळवली. दगड परत पायाशी. पुन्हा फेकला, पुन्हा हजर. आम्ही पोट धरून हसत होतो. गारुफलिया मात्र हसत नव्हती. ओला दगड हातात घेऊन हळूच म्हणाली, "परत तेच वर्ष नको गं बाई."

मग तिनं काठी वाळूत रोवली आणि झग्याची बटणं सोडली. आत निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा पोहायचा पोशाख!

"आई! तू कबूल केलं होतंस!" लेफ्तेरिस ओरडला.

"मी केलं होतं. कानेलानं नव्हतं केलं."

जमिनीवर ओढत चालणारा तो पाय पाण्यात कसा सरसर चालला! कानेला बाजूनं पोहत होती. पाणी गर्द निळं झालं तिथं गारुफलियानं हात वर करून दगड आम्हाला दाखवला आणि सोडला. कानेलानं गोल गिरक्या मारल्या, नाक बुडवलं, शिंकत वर आली. तोंड रिकामं! लग्नातल्या पोरींसारखी गारुफलियाची आरोळी आली. मी काठावर, गुडघाभर पाण्यात टॉवेल धरून उभी. त्यापुढे जायची माझी कधी छाती झाली नाही. पवित्र मारियेचे मनातल्या मनात आभार मानले.

येताना तिनं खडकापाशी बुडी मारली आणि नवा दगड डोक्यावर ठेवूनच बाहेर आली. हिरवे लांब केस गालांवर लोंबताहेत, मागून कुत्री भुंकतेय. लेफ्तेरिसला रागवायचं होतं, पण हसू आवरेना.

मी तिला टॉवेलात गुंडाळल्यावर तिनं दगड माझ्या पिशवीत टाकला आणि माझा हात धरला. तिचे दात थंडीनं वाजत होते.

"पुढच्या वर्षी हा खोल पाण्यात न्यायला माझ्याबरोबर यायचंस. कुत्रीसोबत काय गप्पा मारू मी तिथं? एवढं ऐक माझं पोरी, पोहायला शीक."