मले पास भेटला!

माझा दहावीचा निकाल गेली बारा वर्षं राखून ठेवलेला आहे. बोर्डानं नाही, मी. गणितात नापास झालो तेव्हा मायला खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून म्हणालो, "माय, निकाल राखून ठेवला हाय." आणि वडशाला नाटकाचे पडदे रंगवायला पळालो, तिथून पुढे हैदराबादला. माय तलावात मासोळ्या धरते, तिला वाट पाहायची सवय. दर जूनमध्ये फोनवर विचारायची, "आला का रे निकाल?" मी म्हणायचो, "नाई आला." मग तीच मला धीर द्यायची, "येईन बाबू. सरकारी काम हाय, टाइम लागते."

या सरकारी कामापायी मी चार वर्षं गावाला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? इथं कार्टूनच्या स्टुडिओत जंगलं रंगवतो. तिथल्या मालकीण मॅडमनी शिक्षण न विचारता मला ठेवून घेतलं, हे त्यांचे उपकार. (अजूनही कुणी 'मार्कशीट' म्हणालं, की मला तहान लागते आणि मी पाण्याकडे जातो.)

यंदा त्या मला एका भल्यामोठ्या संमेलनाला घेऊन गेल्या. कार्टूनवाले, गेमवाले, सिनेमावाले, देशभरचे हजारो लोक एका छताखाली! मार्कंड्याच्या जत्रेएवढी गर्दी, पण कोणी कुणाला धक्का देत नव्हतं, त्यामुळे करमत नव्हतं. दारातच मॅडमनी माझ्या गळ्यात एक फीत अडकवली. तिला कार्ड, कार्डावर माझा फोटो, नाव आणि खाली 'आर्टिस्ट'.

"विलास, हा तुझा पास. हरवू नकोस. आता आत जा आणि नेटवर्किंग कर."

मी फोन काढून पाहिला. "मॅडम, इथं रेंजच्या फुल कांड्या आहेत!"

"अरे, नेटवर्किंग!"

"हो ना. चारच्या चार!"

मॅडम कपाळाला हात लावून चहाकडे गेल्या. एवढं नेटवर्क वाया कशाला घालवायचं, म्हणून मी घरी फोन लावला. आमच्या गावात रेंज फक्त तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर मिळते, आणि माय दिवसभर तिथंच असते.

"माय! मले पास भेटला!"

"का म्हणते?"

"पास! पास भेटला! फोटोवाला!"

"पास?" मग एकदम, "अव बायांनो! माहा इलास पास झाला व! निकाल आला!"

"नाई माय, तसा पास नाई..."

फोन कट.

पुढचा तासभर मी फोन लावत राहिलो. स्टेजवर एक मोठा माणूस पडद्यावर त्यानं बनवलेलं जंगल दाखवत होता. सारे टाळ्या पिटत होते. जंगल झकास होतं, पण त्यात एकही मोहाचं झाड नव्हतं, आणि मला एकाएकी इतकं घरी जावंसं वाटलं की बाजूच्याला विचारलं, "ही बस कुठून सुटते?" (कोणती बस, हे त्यानं विचारलं नाही. भला माणूस!)

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. घाईत कुठलं बटण दाबलं देव जाणे, अख्ख्या सभागृहात मायचा आवाज घुमला.

"बाबू! झिंगे वाटले रे साऱ्या गावाले! पेढे कुठून आणू? सकाळी जाळ्यात मस्त झिंगे लागले!"

चारशे माना वळल्या. मी फोन छातीशी धरून खांबामागे पळालो. पाहतो तर पारीवर सारं गाव! प्रत्येकाच्या हातात पळसाच्या पानावर माझ्या यशाचे झिंगे. आणि गर्दीतून पुढे आले ते आमचे गुरुजी. ज्यांनी स्वतःच्या हातानं मला ती नापासाची मार्कशीट दिली होती!

"दाखव बे पास," गुरुजी म्हणाले.

मी कार्ड पुढे धरलं. गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला. मायनं श्वास रोखलेला दिसत होता.

"फोटो हाय. नाव हाय. इंग्रजीत हाय," गुरुजी सावकाश म्हणाले. "बाई, पास तं पासच हाय!"

पारीवर एकच कल्ला. मी खांबाला टेकून खाली बसलो. मग माय फोन घेऊन बाजूला गेली. मागे वाळत घातलेली जाळी दिसली, तिचे ओले हात दिसले.

"जेवला का?"

"नाई."

"तुयासाठी मूठभर झिंगे वाळू घातले हाय," ती हळूच म्हणाली. "आन् आयक, दहावीचे फॉर्म निघाले म्हणे. गुरुजी भरून देतेत. परीक्षा तालुक्यालेच हाय, घरूनच जाशीन."

"माय... तुले मालूम होतं?"

"मार्कशीट कोठीत लपवली होती ना तू? तांदूळ कोण काढते रे घरात?"

"मंग बारा वर्षं बोलली काऊन नाई?"

"तू राखून ठेवला होता ना निकाल? मंग मीबी ठेवला."

तर मंडळी, मार्चमध्ये मी गावी जातो आहे. झिंगे वाटून झाले, गावानं ते पचवलेही. आता फक्त परीक्षा तेवढी राहिली आहे. (गणित अजून तिथंच आहे, मी चौकशी केली.)