पांढऱ्या पाठीचं गिधाड

गिधाडमास्तर भेटले की "कसे आहात" असं कधी विचारत नसत. "तुमच्याकडे एवढ्यात कोणी मेलं का?" असं विचारत, तेही हसतमुखाने. त्यांना गुरंढोरं म्हणायचं असे. पंचवटीच्या बाजारात एका भाजीवालीला त्यांनी हे ऐन बोहनीच्या वेळी विचारलं. तिने हातातली मेथीची जुडी परत टोपलीत ठेवली आणि पुढे आठवडाभर त्यांना भाजी दिली नाही.

मी पेठ तालुक्यातला गुरांचा डॉक्टर, त्यामुळे मला त्या प्रश्नाचं काही वाटत नसे.

मास्तरांची उमेदीची वर्षं केनियातल्या एका शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. तिथे सिंहांना मारायला लोक मेलेल्या जनावरात विष घालत आणि ते खाऊन गिधाडं मरत. म्हणून मास्तर सुट्टीत गावोगावच्या भिंतींवर गिधाडं आणि गरुड रंगवत फिरले. पक्षी नेहमी खऱ्या मापाचा आणि पंख पसरलेला. "माणूस भिंतीला पाठ लावून हात पसरतो. पंख आपल्या हातांपेक्षा लांब निघाले की गप्प होतो. मग त्याच्याशी बोलता येतं," असं ते म्हणत.

निवृत्त होऊन पंचवटीत परतल्यावर त्यांनी आमच्या पेठ तालुक्यातल्या भिंती धरल्या. माझ्या मोटारसायकलवर मागे ते आणि त्यांच्या मांडीवर रंगाचे डबे, अशी आमची वरात निघे.

एका पाड्यावर त्यांनी दिवसभर खपून शाळेच्या भिंतीवर गिधाड काढलं. गुलाबी डोकं, कानाशी लोंबती कातडी; अगदी जिवंत. म्हातारी सोनीबाई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मास्तर, हे आमचं गिधाड नाय. आमच्याची पाठ पांढरी. खाली दरीत उडायचं ना, तवा टेकडीवरून दिसायची."

मास्तरांचा हात सवयीने आफ्रिकेतलं गिधाड काढून बसला होता. मला वाटलं, आता काहीतरी सारवासारव करतील. त्यांनी चुना मागितला आणि सगळी भिंत पांढरी केली. दुसऱ्या दिवशी सोनीबाई सांगत गेली, ते काढत गेले. "घरचा पक्षी मी नेहमी खालूनच पाहिला, बाई," ते तिला म्हणाले.

शेवटी त्यांनी विचारलं, "मग गेली कुठे ती?"

"मेलेले बैल खाल्ले, झाडावर मान टाकून बसली. मग नाय दिसली."

मास्तरांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं. तिच्यात दुखण्यावरचं ते जुनं इंजेक्शन होतं. जनावरांसाठी त्यावर बंदी आलेली मला ठाऊक होती. पण माणसांसाठीची बाटली मेडिकलमध्ये सहज मिळे, गुण पटकन येई, आणि मी टोचत होतो. असं औषध पोटात असलेलं जनावर खाल्लं की गिधाड मरतं, हेही मला ठाऊक होतं. मला मान वर करवेना.

परतताना ते एवढंच म्हणाले, "डॉक्टर, तिकडे विष घालणाऱ्याच्या मनात राग असायचा. तुम्ही तर बैलाचं दुखणं थांबवत होता. तुम्हाला सांगणं सोपं आहे."

मला कुणी इतक्या मायेने रागावलेलं नाही. त्या दिवसापासून बॅगेत गिधाडांना न बाधणारं औषध आलं. त्यानंतर कित्येकदा आम्ही मेलेलं जनावर माळावर ठेवून वाट पाहिली. कुत्री येत, कावळे येत. गेल्या पौषात मास्तर गेले, तोवर एकही गिधाड उतरलं नव्हतं.

परवा सोनीबाईचा फोन आला. "डॉक्टर, आलेत. पाच हायत. पाठ पांढरी. मास्तरला सांगा." ते गेल्याचं तिला कळवायचं माझ्याच्याने झालं नव्हतं. "सांगतो," म्हणालो.

सायंकाळी पंचवटीत गेलो. दार काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, उघडलं. मी दारातच सगळं सांगून टाकलं.

"कोण मेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सोनीबाईची म्हातारी गाय."

"बसा," काकू म्हणाल्या, आणि मास्तरांच्या फोटोकडे वळून त्यांनी गिधाडं आल्याची बातमी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितली.