खोक्यातली झाडं

माझी मासेवाली वरोरहून डहाणूच्या बाजारात यायची. परदेशी फळांच्या बियांवर तिचा भारी जीव. "बाई, फळ तुमी खा, बी माजी!" असं ती दटावायची आणि बी आणली की दोन बोंबील जास्त टाकायची. रामबुटानला ती केसाळ लिची म्हणे. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत तिने अंगणभर रोपं वाढवली होती. "शेजारी वाढवणला बंदर झालं नि आमाला उठवलं, तर उचलून नेता येतील," म्हणायची.

बंदराविरुद्धच्या मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ओरडून तिचा घसा पार बसला होता. कमरेएवढं अ‍ॅव्होकॅडो खोक्यातून काढून ती दारात, जमिनीत लावत होती.

"आता हे कसं उचलणार?" मी विचारलं.

पायाने माती दाबत ती म्हणाली, "कोन उचलतो, बघतेच."