किनारा नसलेला समुद्र

“भैया, हा किनारा कुठला होय?” चित्रासमोर बसलेल्या काकूंनी विचारलं.

“कुठलाच नाही काकू. मनानं काढला.”

“मंग एवढ्या जवळ किनारा होता, तर माहा पोरगा काहून नाही आला? ग्वारीघाटावरून नर्मदा पोहून पार करून जाये तो.”

जबलपुरातल्या गोहलपूर भागातल्या त्यांच्या खोलीत मी चित्र पोचवायला आलो होतो. काकूंचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. भर समुद्रात डेकवरून पडला, सापडलाच नाही. काकूंनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. तो गेला ती जागा आईला दिसावी, म्हणून त्यांच्या मुलीनं मला ऑर्डर दिली होती.

मी समुद्राची चित्रं काढतो. जबलपुरात राहून समुद्र काढतो म्हणून लोक हसतात. हसू देत, इथल्या भेडाघाटचे संगमरवरी कडे काढणारे गावात पुष्कळ आहेत. आमच्या धंद्यात चित्राच्या पुढच्या भागाला फोरग्राउंड म्हणतात. तिथे थोडी वाळू, दोन खडक टाकायचे, म्हणजे पाहणाऱ्याला उभं राहायला जागा मिळते. इतकी वर्षं हात तसाच चालत आला. इथेही तसाच चालला.

मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली.

“सर, भाऊ निघताना त्याचं आणि आईचं भांडण झालं होतं. त्याला घरी यायचंच नव्हतं, असं धरून बसलीय आई. आता हा किनारा पाहून तर पक्कंच झालं.”

“चित्र परत द्या मला.”

“काय कराल?”

“किनारा काढून टाकतो.”

म्हणायला सोपं होतं. ऑइल कलरमध्ये जुन्यावर नवा थर चढवता येतो, पण वाळू मी जाड रंगानं केली होती. नुसतं रंगवलं असतं तर तिचे उंचवटे पाण्यातून दिसले असते. म्हणून आधी सगळा रंग नाइफनं खरवडला. मग लाटा खालच्या कडेपर्यंत आणल्या. खडक नाही, पक्षी नाही, लांब एखादी होडीही नाही. असं चित्र उभं करणं कठीण, नजर कुठे ठरतच नाही. काम करताना मलाच भीती वाटायला लागली. पाण्याची इतकी चित्रं काढली, पण पाण्यात पडलेल्या माणसाच्या जागेवरून कधी पाहिलं नव्हतं.

रंग सुकल्यावर चित्र घेऊन गेलो. काकू चित्राजवळ सरकून बसल्या.

“चारही बाजूंनी पाणीच?”

“हो काकू.”

“दूरवर पण काही नाही?”

“काही नाही.”

“अच्छा.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “मंग त्याला यायचं असतं, तरी येता आलं नसतं.”

मुलगी भिंतीला टेकून रडायला लागली. मी चहा न घेताच निघालो.

आता समुद्राची ऑर्डर आली की साइज नंतर विचारतो. चित्र कोण पाहणार आहे, ते आधी.