दाव्याला राहिलेली चंद्री

मित्रांनो, सांगलीच्या पूरग्रस्तांच्या छावणीत लोकांना मानसिक आधार द्यायचं काम मी नुकतंच शिकतोय.

एक आजोबा कालपासून जेवले नव्हते. घाईत घर सोडताना त्यांची म्हैस गोठ्यात बांधलेलीच राहिली. "दावं तेवढं सोडाय पायजे हुतं रं," ते म्हणाले.

मी घाबरून बोललो, "आवं, दावं तोडून येईल की पोहत!"

त्यांनी तोंडच फिरवलं.

आम्हाला शिकवणाऱ्या ताईंनी मला बाजूला घेतलं. "धीर कुणाला दिलास? त्यांना, का स्वतःला?"

मी परत गेलो. "आजोबा, मगाशी उगंच बोललो. नाव काय तिचं?"

"चंद्री," म्हणाले आणि रडू लागले. तिच्याबद्दल बराच वेळ बोलले. मी नुसता ऐकत बसलो. शेवटी त्यांनीच भाकरी मागितली.

दुःखी माणसाजवळ गप्प बसणं तुम्हाला जमतं का?