मुसळ पडेपर्यंत

मला माणसांचा संशय आधी येतो आणि आभाळाचा त्याच्याही आधी. त्या चंद्रग्रहणाच्या दिवशी सकाळपासून दोघांचाही येत होता. ग्रहण हिवाळ्यातलं, चंद्र उगवणार तोच ग्रासलेला आणि सुटणार जेवणवेळ टळून गेल्यावर. मोबाईल म्हणत होता, आकाश निरभ्र. टीव्हीवरची बाई म्हणत होती, पूर्व विदर्भात ढगाळ. आणि तिरोड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात धानाच्या बांध्यांवरचं धुकं ऊन चढलं तरी उठायला तयार नव्हतं. खोटं कोण बोलून राहिलं, तेच समजेना.

एरवी आभाळाशी मला काय करायचं होतं? काळजी होती ती मामाजींची. माझ्या सासऱ्यांना शुगर आहे. सकाळी त्यांनी गोळी घेतली, चहा घेतला आणि वेध लागले म्हणून तोंड बंद केलं, ते थेट ग्रहण सुटेपर्यंत. मागच्या उपासाला असेच अंगणात कोसळले होते. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर एक दिवस उठणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना वेध माफ असतात, मी म्हणून पाहिलं. "मले का धाड भरली आहे?" म्हणाले, आणि कांबळं पांघरून पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, जाऊन बसले. विषय खलास.

ग्रहण सुटलं की नाही, हे ठरवणार मुसळ. आमच्याकडे परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करतात. ग्रहण असेतो ते उभं राहतं, सुटलं की आपोआप पडतं, अशी समजूत. माझं माहेर गोंदिया शहरातलं. मी हे लग्नानंतरच पाहिलं आणि पाहिल्या पाहिल्या मला शंका आली. एका साध्या दुपारी घरात कोणी नसताना मी ते उभं करून बघितलं होतं. मस्त उभं राहिलं. बूड सपाट, त्याला लोखंडी कडं ठोकलेलं, पडेल कशाला? पण मोबाईलवरची वेळ मामाजींना मान्य नव्हती. ज्याला दारातलं धुकं दिसत नाही त्याला ग्रहण काय दिसणार, म्हणायचे. चंद्र दिसला तर चंद्रावर भरवसा, नाही दिसला तर मुसळावर, असा त्यांचा कायदा होता.

खरा संशय आला तो आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या मोबाईलकडे कधी ढुंकून पाहत नाहीत. त्या दिवशी मात्र घडोघडी येऊन विचारत होत्या, संध्याकाळी ढग राहतील ना? उघडणार तर नाही ना? अख्खं गाव चंद्र दिसावा म्हणून गच्चीवर खुर्च्या नेऊन राहिलं आणि या बाईला ढग कायले पाहिजेत? मला वाटलं, चंद्र नाही दिसला की मुसळ यांचं आणि राज्यही यांचंच. नवरा उपाशी मेला तरी चालेल, नेम मोडायला नको. भयंकर राग आला मला त्यांचा. भांडी घासताना मी तो सगळा भांड्यांवर काढला.

संध्याकाळी ढग आलेच. पॉवर प्लांटच्या चिमण्यांवरचे लाल दिवेसुद्धा दिसेनात. गच्चीवरची मंडळी कुरकुरत खाली उतरली. सपरीत मामाजींसमोर मुसळ आपलं उभं. एवढ्या थंडीत मामाजींच्या कपाळावर घाम आलेला. हात थरथरायला लागले ते त्यांनी कांबळ्यात लपवले, पण मला दिसायचे ते दिसले. मी गुळाचा खडा पुढे केला तर मान फिरवून डोळे मिटून घेतले. आता मीच लाथ घालते त्या मुसळाला, म्हणून मी उठलेच. तेवढ्यात आत्याबाई बादली घेऊन समोरून गेल्या. लुगड्याखालून त्यांचा पाय जरासा वळला, अंगठा परातीच्या काठाला लागला आणि मुसळ धाडकन फरशीवर पडलं.

मामाजींनी डोळे उघडले. "पडलं का?"

"पडलं," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी बायकोकडे पाहिलं, मुसळाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. तिथं काहीच नव्हतं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं की मोबाईल काय म्हणून राहिला. ग्रहण सुटायला अजून पुष्कळ अवकाश आहे, असं मोबाईल म्हणत होता. ढग दाखवून राहिला, मी सांगितलं. तेही खोटंच, मेला अजून निरभ्रच दाखवत होता.

आत्याबाईंनी माझ्या हातातला गूळ घेऊन त्यांच्या तोंडात घातला. तुळशीचं पान टाकून ठेवलेलं दूध पाजलं, ऊन पाण्यानं त्यांचे हातपाय धुतले, त्यांना घरात नेलं आणि थंडी येते म्हणून दार लावून घेतलं. मी भात टाकला. थोड्या वेळानं ते जेवत होते आणि घास तोंडाशी नेताना हात हलत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चुलीच्या धुरावर ढकललं.

पाणी आणायला मागच्या अंगणात गेले तर ढग फाटले होते. चंद्र वर आला होता, तांबडा, अर्ध्याच्या वर अजून ग्रासलेला. आत्याबाईंना ढग कायले पाहिजे होते ते मला तेव्हा समजलं. न्हाणीच्या भिंतीशी आत्याबाई बसल्या होत्या. समोर परात, परातीत तेच मुसळ पुन्हा उभं केलेलं. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. चला, तुम्हीही जेवून घ्या, मी म्हटलं. त्यांनी मुसळावरची नजर काढली नाही.

"त्यायचं सुटलं," त्या म्हणाल्या. "माहं लागूनच आहे अजून. पाय मी लावला ना."

मी आत गेले आणि मामाजींच्या पाठीमागची, अंगणाकडे उघडणारी खिडकी लावून घेतली.